धर्मशाळेतलं बारसं

पौडच्या धर्मशाळेचा विषय निघाला की लोक ती कुणी बांधली, उद्घाटनाला पुण्याहून कोण आलं आणि कुणाची पगडी किती भारी होती, हेच सांगत बसतात. माझं डोकं फिरतं. ज्याने बांधली त्याचं पुण्य त्याच्यापाशी. पण त्या भिंतींच्या आत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं रोज कुणी काढलं, त्यांना घास कुणी भरवला, हे कुणी विचारत नाही. ते तानूबाईने केलं. तिच्याबद्दल लिहिणारं दुसरं कुणी दिसत नाही, म्हणून मीच बसलो आहे.

मी तेव्हा पौडच्या शाळेत मास्तर होतो. शाळा आणि धर्मशाळा यांच्यामध्ये एक चिंचेचं झाड, एवढंच काय ते अंतर. मी पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायला लागलो की पलीकडून तानूबाईचा आवाज यायचा. डोंगरावर मेंढरांना हाका घालून तयार झालेला आवाज तो. पोरं पाढे सोडून तिच्या शिव्या ऐकत बसायची आणि मलाही त्यांना फार रागवता येत नसे, कारण माझाही कान तिकडेच असायचा.

वर मुळशीच्या खोऱ्यात धरणाचं काम चालू होतं ती ही वर्षं. गावंच्या गावं उठत होती. धडधाकट माणसांनी घराचे वासे, दारं, चौकटी खांद्यावर घेतल्या आणि जिथे जागा मिळाली तिथे खोपटं घातलं. पण ज्यांना डोळे नव्हते, ज्यांचे पाय गेले होते, त्यांना पाठीवर घेऊन डोंगर कसा चढायचा? मग घर उभं राहीपर्यंत म्हणून एकेकाला पौडच्या धर्मशाळेत आणून ठेवलं. पुण्याच्या काही भल्या गृहस्थांनी धान्याची आणि कांबळ्यांची सोय केली. कुणाचं घर लवकर उभं राहिलं, कुणाचं राहिलंच नाही. चार दिवसांसाठी आलेली माणसं तिथलीच होऊन गेली.

तानूबाई जातीची धनगर. पोटी मूलबाळ नाही. दिवाळी झाली की नवरा-बायको मेंढरं घेऊन कोकणात उतरायची आणि पावसाच्या आधी वर यायची. एका वर्षी वाटेत तिचा नवरा नाथा तापाने फणफणला. कळप थांबवता येत नाही, मेंढरांना रोज चारा लागतो. म्हणून एका गावच्या देवळात त्याला ठेवून ती पुढे गेली. परतली तेव्हा गावकऱ्यांनी सांगितलं, बाई, तो गेला, आणि कुणाचा कोण माहीत नव्हता म्हणून आम्ही बेवारस समजून जाळला. त्या लोकांची काही चूक नव्हती. पण तो शब्द तानूबाईच्या काळजात रुतून बसला. "जित्या बायकूचा नवरा बेवारस कसा वो मास्तर?" असं ती मला विचारायची. तिने मेंढरं भिकू नावाच्या पुतण्याला देऊन टाकली, दोन शेळ्या तेवढ्या ठेवल्या आणि धर्मशाळेत कामाला आली. पहिल्याच दिवशी ओसरीवर उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं, "हितनं कुणी बेवारस जायचं न्हाई. मी हाय."

माणसं सांभाळायचं शिक्षण तिला कुणी दिलं नव्हतं. तिला मेंढरं सांभाळता येत होती, तेच तिने इथे चालवलं. सकाळी उठल्या उठल्या ती प्रत्येकाचे कान धरून बघायची. मेंढराला ताप आला की कान आधी तापतात म्हणे. एकदा पुण्याहून बघायला आलेल्या एका बाईंना वाटलं, ही म्हाताऱ्यांना शिक्षा करते आहे. त्या चिडल्या. तानूबाईने त्यांचेही कान धरून पाहिले आणि म्हणाली, "तुमी बऱ्या हाय. चहा घ्या." बाई हसत सुटल्या.

एका कुशीवर पडून राहिलेली मेंढी सडते, म्हणून न उठणाऱ्या माणसांना ती जेवणाच्या वेळी आणि मधूनमधून कूस बदलून द्यायची. पाठीला खोबरेल चोळायची. कडुलिंबाचा पाला टाकून पाणी तापवायची आणि ओसरीच्या कडेला बसवून एकेकाला अंघोळ घालायची. ओली झालेली घोंगडी ओढ्यावर आपटून कुंपणावर टाकायची. ज्याला थंडी फार वाजते त्याची जागा अंगाने गरम असणाऱ्याच्या शेजारी. जो रडतो त्याची जागा बडबड्याच्या शेजारी. आंधळ्या साळूबाईला तिने वाती वळायला बसवलं होतं. गेणबाचा एक हात लुळा होता, त्याला एक हात आणि पायाचा अंगठा यांवर दोर वळायला शिकवलं. "बसून ऱ्हायलं की मानूस कुजतंय," असं म्हणून ती कुणालाच मोकळं सोडायची नाही. नाचणीची पेज भरवताना तोंड फिरवणाऱ्याला तिची ठरलेली शिवी होती: "गीळ, मुडद्या!" तिच्या तोंडची ती शिवी ऐकली की माणसं आ वासायची. मी पुष्कळ गोड बोलणारी माणसं पाहिली आहेत, त्यांच्या हातून कुणी अर्धी वाटी जास्त पेज प्यायल्याचं मला आठवत नाही.

आणि कुणाचं आता होत आलं असं दिसलं, की ती नातेवाइकांकडे सांगावा धाडायची. शेणाने सारवलेल्या भुईवर त्या माणसाला उतरवून घ्यायची आणि डोकं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत हलायची नाही. दुसरी सगळी कामं तेव्हा बंद.

अशा या धर्मशाळेत हैबतराव आले. खोऱ्यातल्या जमीनदार घरातला माणूस. जुन्या घराचा वासा उतरवताना पाय घसरून पडले, खुबा मोडला. मुलगा जयसिंग नदीपलीकडच्या डोंगरात नवं घर बांधत होता. घरात बायको आणि तान्हं मूल. त्याने बापाला बाजेवर घालून पौडला आणलं आणि पाया पडून गेला. जमेल तेव्हा भेटायला यायचा. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

हैबतरावांची मिशी बघण्यासारखी होती. पडल्या पडल्या ते तिला पीळ देत. आणि रीतिरिवाजाचे असे पक्के, की कुठल्या दिवशी काय करायचं आणि काय नाही करायचं याबद्दल त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती. त्यांचा तांब्या वेगळा. तानूबाईला ते नावाने हाक मारायचे नाहीत, "ए धनगरणी" म्हणायचे. ती त्यांना "आबा" म्हणायची आणि पेज भरवताना मात्र "मुडद्या"च. त्यांच्या डोळ्यांत रागाच्या ठिणग्या दिसायच्या, पण पेज संपायची.

त्या श्रावणात पावसाने कहर केला होता. हैबतरावांना ताप भरला आणि छाती घरघरायला लागली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, आता घरच्यांना बोलवा. सांगावा गेला. जयसिंग छातीभर पाण्यातून नदी पार करून आला. बाप भुईवर घेतलेला, डोळे वर लागलेले. त्याने तुळशीचं पान आणि पाणी तोंडात घातलं, पायांवर डोकं ठेवलं. बाहेर नदीची गाज वाढत होती. आणखी थोडं थांबला असता तर परत जाणं शक्य नव्हतं, आणि तिकडे अर्ध्या शाकारलेल्या छपराखाली त्याची बायको तान्ह्या मुलाला घेऊन एकटी होती.

तानूबाईच त्याला म्हणाली, "तू जा. तुजी बायकू-पोर एकली हायेत. म्हाताऱ्याचं मी बघते. बेवारस जायचा न्हाई."

"मावशी, माज्या नावानं अग्नी द्या," असं म्हणून तो रडत गेला. त्याच्यामागे नदीने उतार बंद केला. मग किती तरी दिवस कुणाला इकडून तिकडे जाता आलं नाही.

आणि हैबतराव मेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तानूबाईने कान धरून पाहिले तर गार. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि पेज मागितली. "परत आलास व्हय रं मुडद्या," म्हणून ती हसत हसत चुलीकडे पळाली. जयसिंगला कळवायला ती नदीकाठी जाऊन हाका घालून आली, पण त्या पाण्यापुढे तिचाही आवाज पोचला नाही.

पाणी उतरलं तसा जयसिंग आला. हैबतराव ओसरीवर ऊन खात बसले होते. मी शाळा सुटल्यावर पुण्याचं वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायचो, म्हणून तिथेच होतो. जयसिंगच्या हातात नवं मडकं होतं, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं. डोकं भादरलेलं. ओठांवर मिशी नाही. तो पायरीशी आला आणि बापाला बघून जागच्या जागी थिजला.

हैबतरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय रं जयसिंगा, मिशी कुटं? कोन गेलं?"

जयसिंगने मान खाली घातली.

"सूनबाई बरी हाय?"

"हाय."

"बाळ?"

"बरं हाय, आबा."

"मंग कोन गेलं? बोल की."

गेणबाला अक्कल नेहमीच बेताची. दोर वळता वळता तो म्हणाला, "आबा, तुमीच."

मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. हैबतराव त्या मडक्याकडे बघत राहिले. आपल्या अस्थी न्यायला आपलाच मुलगा आला आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. मला वाटलं आता ते संतापतील. पण ते आपल्या नेहमीच्या, रीत विचारायच्या आवाजात बोलायला लागले.

"धावं केलंस?"

"केलं."

"कुटं?"

"नदीवर. आपल्या काठाला."

"कावळा?"

"शिवला."

"लगीच?"

"पिंड ठिवला न ठिवला तोच."

"कुणाला कायबी बोलावं न्हाई लागलं?"

"न्हाई, आबा."

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर मेलेल्याची काही इच्छा राहिली असं आमच्याकडे समजतात. मग घरचे लोक हात जोडून, 'तुझं अमुक आम्ही करू' असं वचन देतात, तेव्हा कुठे तो शिवतो. हैबतरावांच्या पिंडाला लगेच शिवला. म्हणजे त्यांचं इथे काही राहिलंच नव्हतं.

"झ्याक केलंस," ते म्हणाले. मग तानूबाईला म्हणाले, "मला आत ने. भिंतीकडं तोंड करून निजव."

जयसिंग बापाला तेव्हाच घरी न्यायला तयार होता. पण आधी भावकीला विचारायला हवं म्हणून परत गेला. दोन दिवसांनी आला तो डोळे लाल करून. भावकी म्हणाली, त्याच्या तेराव्याचं आम्ही जेवलो. क्रिया झालेला माणूस उंबऱ्याच्या आत घेतला तर तो दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जातो. घरात तान्हं पोर आहे. जयसिंगची बायकोही घाबरली होती आणि तिला मी दोष देत नाही.

हैबतराव भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "भावकीचं बराबर हाय. मीबी त्येच सांगितलं असतं."

त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं. तानूबाईने पेज पुढे केली तर म्हणाले, "मेलेला मानूस जेवत न्हाई." शेळीचं दूध आणलं, नाही. गुळाचा खडा, नाही. ते चिडत नव्हते, रडत नव्हते, शांतपणे रीत पाळत होते, आणि तेच जास्त भयंकर होतं. तानूबाईच्या तोंडून सवयीने "गीळ, मुड—" इतकं निघालं आणि तिने जीभ चावली. ती शिवी तिने त्या क्षणी टाकली ती टाकली, पुन्हा कुणालाच दिली नाही.

मी त्यांना समजवायला गेलो. तुमची नाडी चालू आहे, तुम्ही बोलता आहात, मग मेलात कसे, वगैरे. ते म्हणाले, "मास्तर, जमीन पान्यात गेली. घर गेलं. आता क्रियाबी झाली. ऱ्हायलं काय?" मी गावच्या जोशीबुवांकडे गेलो. जोशीबुवा सज्जन माणूस. म्हणाले, "यावर उपाय आहे. चुकून क्रिया झालेल्या माणसाला पुन्हा जन्माला घालायचं, जातकर्म, नामकरण सगळं पहिल्यापासून. पण मी तो विधी कधी केलेला नाही. नाशिकला जाऊन विचारून येतो."

तानूबाई चुलीपुढे बसली होती. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "नाशकाहून बुवा येईस्तवर म्हातारा ऱ्हातोय व्हय? डोळं आत गेल्यात त्येचं." मग ती पदर तोंडावर घेऊन रडली. तिला रडताना मी प्रथमच पाहत होतो. "मास्तर, आता ह्यो मेला तर कुनाच्या नावानं जाळू? वारसानं आधीच क्रिया केली. वारस असून ह्यो बेवारस जानार. आमच्या धन्यावानी. आन् मी त्या पोराला जा म्हनाले. मीच."

मी काही बोलणार तोच ती ताठ बसली. तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, "जोशीबुवा काय म्हनले? पुन्यांदा जलमाला घालायचं?"

"हो."

"आवं, मंग ते मला येतंय की."

मला काही कळेना. ती भराभरा बोलायला लागली. कधी कधी मेंढी आपलंच कोकरू घेत नाही, हुंगते आणि लाथ मारते. कोकरू उपाशी मरतं. तेव्हा धनगर काय करतो? त्या कोकराला धुतो, अंगाला मीठ चोळतो, ओलंचिंब करून पुन्हा मेंढीपुढे टाकतो, आत्ताच जन्मल्यासारखं. मेंढी मीठ चाटायला लागते, चाटता चाटता तिला पान्हा फुटतो आणि ती कोकराला घेते. "हितं मेंढीबी त्योच आन् कोकरूबी त्योच," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला म्हाताराच घेत न्हाई. त्येला मीठ चोळाय पायजे."

दुसऱ्या दिवशी मी शाळा लवकर सोडली. धर्मशाळेत पोचलो तेव्हा पाणी तापत होतं. हैबतरावांच्या अंगात विरोध करायचं बळ उरलं नव्हतं. तानूबाईने त्यांना पाटावर बसवलं, पायापासून डोक्यापर्यंत हळद-तेल लावलं, मूठभर मीठ घेऊन पाठ चोळली. बाळंतिणीच्या न्हाणीत घालतात तशी आंघोळ घातली. गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी दिली. गालाला काजळाची तीट लावली. कुंची कुठून आणायची, म्हणून कांबळ्याचा एक तुकडा डोक्याला बांधला. एवढी पिळदार मिशी आणि वर ती कुंची. मी तोंड फिरवून हसलो, पण कुणाला दिसू दिलं नाही.

मग ती भुईवर मांडी घालून बसली आणि त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मरणाऱ्याचं घेत असे तसंच. फक्त आज उलटं काम होतं. आढ्याला घोंगड्याची झोळी बांधली होती. म्हाताऱ्याचा खुबा दुखावेल म्हणून झोळीत त्यांचं पागोटं ठेवलं आणि साळूबाई ते झुलवायला लागली. गाणं तिने बसल्या बसल्या जुळवलं:

डोंगराआडून आला गं बाळ
दातांवाचून रिकामं गाल

ज्यांना उठता येत नव्हतं त्यांनीही बाजेवरून री ओढली. जोशीबुवा ओसरीवर उभे होते. त्यांनी आत येऊन तांदळाचे दाणे टाकले आणि म्हणाले, "चालू द्या. विधीत कमीजास्त असेल ते मी नाशिकला विचारून घेईन." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर मानलं.

साळूबाई आत्या झाली. चाचपडत पुढे आली, हैबतरावांच्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" केलं. सगळ्या म्हाताऱ्या तिच्या पाठीत गुद्दे घालायला लागल्या. नाव ठेवलं जोतिबा. तो धनगराचाही देव आणि हैबतरावांच्या घरचाही.

हैबतराव डोळे मिटून होते. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "मला धनगर केलंस व्हय गं?"

"आत्ताच जलमलेलं कुणीबी काय नसतंय," तानूबाई म्हणाली. "त्येला फकस्त भूक असतीया. आ कर."

तिने मधात बुडवलेलं बोट त्यांच्या ओठांना लावलं. बराच वेळ काही झालं नाही. साळूबाईचं गाणं थांबलं. मग म्हाताऱ्याची जीभ बाहेर आली आणि तिने ते बोट चाटलं. तानूबाईने घाईघाईने दुधाची वाटी तोंडाला लावली. अर्धं दूध मिशीवरून सांडलं, अर्धं पोटात गेलं, आणि हैबतराव तिच्या मांडीवर मोठमोठ्याने रडायला लागले. जन्मलेल्या पोराने रडलंच पाहिजे. मीही रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढचं सोपं होतं. जोशीबुवा स्वतः नदीपलीकडे जाऊन भावकीला सांगून आले. जयसिंगची बायको बाळाला घेऊन आली, ते त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मामंजी, आता तुमच्यापरीस ह्यो थोरला." हैबतराव काठीच्या आधाराने चालायला लागल्यावर घरी गेले. पण पावसाळा आला की ते हटकून धर्मशाळेत यायचे. डोंगरात वारा फार, खुबा ठणकतो, असं कारण सांगायचे. गेणबा त्यांना माहेरवाशीण म्हणून चिडवायचा. तांब्या वेगळा ठेवायचं मात्र त्यांनी सोडलं. तानूबाईच्या शेळ्या चारायला न्यायचे, नव्या माणसाची कूस बदलायला हात लावायचे. ती त्यांना "जोतिबा" म्हणायची. ते तिला आता "धनगरणी" म्हणत नसत. काहीच म्हणत नसत, "अगं" एवढ्यावर भागवायचे.

अशी काही वर्षं गेली. धरण भरलं. खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि घरी परत जाण्याच्या गोष्टी धर्मशाळेत बंद झाल्या. मग एका भाद्रपदात, एका सकाळी तानूबाई कान बघत बघत साळूबाईपाशी आली तर साळूबाईने उलट तिचेच कान धरले. "तानू, तुजं कान भाजत्यात," ती म्हणाली. तानूबाईने तिचा हात झिडकारला आणि त्या दिवशीच्या आंघोळी पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी तिला उठवेना.

भिकू मेंढरं घेऊन कुठल्या मुलखात होता कुणास ठाऊक. नदीला पूर होता. वैद्यबुवांनी औषध दिलं आणि या वेळी मान हलवली नाही, नुसते बसून राहिले. हैबतराव काठी टेकत तिला पेज भरवायचे. ती तोंड फिरवायची तेव्हा म्हणायचे, "आ कर." तिने कुणाकडून काही मागितलं नाही. फक्त एकदा मला विचारलं, "मास्तर, ह्यांच्या कुशी कोन बदलतंय?" मी म्हटलं, सगळे मिळून बदलतोय. तिला खरं वाटलं असावं.

आम्ही तिला भुईवर घेतली तेव्हा दुपार होती. हैबतरावांना खाली बसणं जमत नसे. ते भिंतीला धरून कसेबसे बसले, मोडका पाय लांब केला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडात पाणी घालताना ते म्हणाले, "आये." मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तिने ऐकला की नाही, सांगता येत नाही.

नदीकाठी सगळी तयारी झाल्यावर जोशीबुवांनी विचारलं, "मडकं कोण धरणार?" लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिला ना मूल, ना दीर, ना भाऊ, आणि पुतण्या परमुलखात. मी पुढे होणार होतो, तेवढ्यात हैबतरावांनी काठी माझ्या हातात दिली.

"मी हाय की."

गावातला एक जण म्हणाला, "आबा, तुमी? तुमी तिचं कोन लागता?"

"थोरला," ते म्हणाले. "एकुलता."

मी त्यांना एका बाजूने धरलं, आणि वयाने तिच्याहून कितीतरी मोठा असलेला तो मुलगा खांद्यावर मडकं घेऊन लंगडत चितेभोवती फिरला. दहाव्याच्या दिवशी न्हाव्याने मिशीला हात लावताना दोनदा विचारलं. त्यांनी मान डोलावली.

पाणी ओसरल्यावर जयसिंग बापाला न्यायला आला. हैबतराव ओसरीवर बसले होते. त्याच जागी. डोकं भादरलेलं, ओठ उघडे. जयसिंग पायरीशी थांबला, त्याचा चेहरा पडला.

"आबा, मिशी? कोन गेलं?"

"माजी आय गेली."

जयसिंग पायऱ्या चढून वर आला आणि बापाशेजारी भुईवर बसला. त्याने हळूच विचारलं, "कावळा शिवला?"

"न्हाई शिवत व्हता," हैबतराव म्हणाले. "दुपार उलटली, तरी झाडावरच. मास्तर बोललं, साळू बोलली, कायबी उपेग न्हाई. मंग म्या हात जोडलं आन् सांगितलं, आये, हितनं कुणी बेवारस जायचं न्हाई. मी हाय. तवा शिवला."